आवारातली दुसरी चूल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस, कंत्राटी कामगार किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, असा त्यांचा कयास असावा. कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षायचे? आम्ही कळवले, 'आवारातली दुसरी चूल.' दुसऱ्या दिवशी चालकांपैकी एकांचा फोन आला, हा विषय कौटुंबिक कलहाचा आहे काय? आम्ही म्हटले, कलहाचा आहे खरा, पण कौटुंबिक नव्हे. घरमालक, भाडेकरू आणि महानगरपालिका अशा तिघांचा तो कलह आहे, आणि त्यात कामगार कधी पहिल्या जागी असतो, कधी दुसऱ्या.

विषय असा. शहरात एका कुटुंबासाठी बांधलेले एक लहान घर असते. जागा बेताची, गुंठा-दीड गुंठा, फार तर चार गुंठे. मुले मोठी होतात, मिळकत पुरत नाही, किंवा नोकरीच सुटते. मग मालक गच्चीवर दोन खोल्या चढवतो, बाहेरून लोखंडी जिना लावतो. नाहीतर गॅरेजला खिडकी पाडून आत मोरी बसवतो. नाहीतर मागल्या अंगणात न्हाणीघराला लागून एक खोली काढतो. तिथे दुसरे बिऱ्हाड येते, दुसरी चूल पेटते. प्रभात रस्त्याकडे ह्यास आउटहाऊस म्हणतात. आमच्या वस्तीत नुसते 'वरची खोली' म्हणतात.

पुण्यास हे नवे नाही. पेठांतले वाडे तरी काय होते? एका घराण्यासाठी बांधलेली ती घरे. घराण्याची मिळकत आटली तसा एकेक खण भाड्याने गेला. आधी ओसरी गेली, मग माडी, मग तबेल्याचीही खोली झाली. चौकात एक नळ, मागे संडासांची रांग, आणि दहा-पंधरा बिऱ्हाडे. ज्यांनी आपले बालपण 'दोन खण आणि पोटमाळा' या मापात काढले आहे असे अनेकजण या सभेत बसलेले असतील.

या वाड्यांचे पुढे काय झाले ते सांगताना आम्हांस आमच्याच बाजूविरुद्ध थोडे बोलावे लागणार आहे. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ सालचा. महायुद्धाच्या काळात घरे मिळेनात, मालक वाटेल ते भाडे मागत, म्हणून १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरून ते बांधले गेले. तो कायदा त्या वेळी हवाच होता. तो नसता तर आमच्यासारख्यांचे वाडवडील रस्त्यावर आले असते. परंतु तेच बांधलेले भाडे पन्नास वर्षे जवळजवळ जागच्या जागी राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने ती केली नाही, आणि दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देण्याचा प्रघात शहरात पडला. भाडे गोठवून ठेवले पाहिजे अशा घोषणा आम्ही तरुणपणी दिलेल्या आहेत. भिंतीला लागणारा चुना कोणाच्या पैशाने यावा, हा प्रश्न तेव्हा आम्हांस कोणी विचारला नाही आणि आम्हीही स्वतःस विचारला नाही.

दुसरा परिणाम वाड्यांच्या पलीकडचा होता. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानाधारक म्हणून जागेत राहात होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ते योग्यच झाले; परवान्याच्या नावाखाली भाडेकरूला हक्क नाकारण्याची पळवाट मालकांनी काढली होती. पण ज्याच्याजवळ एकच जादा खोली होती त्या लहान मालकाने यातून एकच धडा घेतला: कागद करू नये.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घरात पाहिले आहे. आमचे आजोबा शनिवार पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात भाड्याने राहात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि मागोमाग खडकवासला ही धरणे फुटली, त्या पुरात तो वाडा गेला. आमचा जन्म त्यानंतर नऊ वर्षांनी. पण पूर आम्ही इतका ऐकला आहे की, पाहिल्यासारखाच वाटतो. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या केल्या होत्या, त्यांपैकी एकीत आमचे कुटुंब काही वर्षे होते. पुढे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि कामगारांच्या गृहरचना संस्थेत त्यांनी सव्वा गुंठ्याचा भूखंड घेतला. त्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे बैठे घर झाले. १९८४ साली पतपेढीचे कर्ज काढून वडिलांनी मागे दहा बाय बाराची एक खोली काढली. नकाशा नाही, परवानगी नाही. शेजारच्या चारही घरांनी तशाच काढल्या होत्या.

त्या खोलीत ससूनमध्ये काम करणारी एक परिचारिका राहावयास आली. आम्ही तिला ताई म्हणत असू. आमचे इंग्रजी पाढे तिने करून घेतले, वडिलांची पाठ मोडली तेव्हा रात्री दोन वाजता इंजेक्शन तिने दिले. ताईने एकदा आमच्या आईजवळ गॅसच्या जोडणीसाठी राहण्याचा दाखला मागितला. आई म्हणाली, "ते नको गं. कागदाचं काही काढू नकोस." आईने तिला कधी भाड्याची पावतीही दिली नाही. पावती म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे खोली गेली, हे तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक लहान घरमालकाच्या मनात बसलेले होते. ताईने सात वर्षे रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला. आमच्या स्वयंपाकघरात गॅस होता. मध्ये भिंत नऊ इंचांची.

आमची आई वाईट नव्हती. सणाला पहिले ताट ताईकडे जाई. पण माया आणि हक्क या दोन गोष्टी आहेत, एवढे आम्हांस तेव्हा कळले असते तर बरे झाले असते.

आता कायदा बदलला आहे, आणि हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम हा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात जुन्या भाडेकरूचे संरक्षण कायम राहिले, मालकास वर्षाला शेकडा चार भाडेवाढ मिळाली. पण लहान मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते चोविसावे कलम. राहण्यासाठी परवाना करार करून जागा दिली असेल, तर मुदत संपताच मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ती परत मागता येते. जो राहणारा मुदतीनंतर हटत नाही त्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. खोली जाईल ही जी भीती आमच्या आईच्या पोटात होती, तिला कायद्याने औषध दिलेले आहे.

त्याच कायद्याचे पंचावन्नावे कलम असे की, करार लेखी पाहिजे, नोंदलेला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असे जे गल्लोगल्ली सांगितले जाते ते महाराष्ट्रात खरे नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर शेकडा पाव, नोंदणी फी शहरात एक हजार रुपये, आणि सारे घरबसल्या संगणकावर होते.

मग तरीही कागद का होत नाही? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, कराच्या बिलात आहे. पुणे महानगरपालिकेत जो स्वतःच्या घरात राहतो त्यास मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून आहे. मध्यंतरी ती काढली गेली होती, २०२३ साली पुन्हा मिळाली. भाड्याने दिलेल्या भागास ती नाही. त्यातून खोलीच परवानगीशिवाय बांधलेली असेल तर शास्तीही लागू शकते. तेव्हा मालक काय करतो? खोली आहे हे सांगत नाही. सांगितलेच तर पुतण्या राहतो म्हणतो. पुण्यात असे पुतणे फार. लातूरचे, नंदुरबारचे, बिहारचेसुद्धा पुतणे आम्ही पाहिले आहेत.

हा विनोद आहे तो आपल्यापुरता. त्या पुतण्याला विचारा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने गरीब घरच्या मुलांसाठी खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा ठेवल्या. अर्जासोबत राहण्याचा पुरावा लागतो, आणि भाड्याने राहणाऱ्याकडून नोंदणीकृत करार मागतात. आमच्या संघटनेच्या कचेरीत दरवर्षी अर्जांच्या दिवसांत कंत्राटी कामगार येतात. मूल सहा वर्षांचे, शाळा हाकेच्या अंतरावर, आणि काका करार करून देत नाहीत. एकजण म्हणाला, "साहेब, काका माणूस चांगला आहे, त्यांना त्रास नको. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मुलाचे वय निघून जाते. आम्हांस हे पाहताना दरवेळी तो रॉकेलचा स्टोव्ह आठवतो.

आता दुसरी बाजू. आमच्या चळवळीतले तरुण मित्र म्हणतात, 'घरमालक तो घरमालक. त्याच्या करसवलतीची काळजी आपण का करावी?' त्यांना आम्ही एक हकीकत सांगत असतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली, ती पाच महिने चालली. त्या कारखान्यातले दोन कामगार एकाच घरात राहात. खालचा मालक, वरचा त्याचा भाडेकरू. दोघे आमचे सभासद, एकाच पाळीचे. पहिले दोन महिने वरच्याने शिल्लक मोडून भाडे दिले. तिसऱ्या महिन्यात तो खाली जाऊन म्हणाला, "दादा, सुरू झालं की देतो." खालचा काही बोलला नाही. पण त्याचे घरही त्याच भाड्यावर चालले होते. चौथ्या महिन्यात खालच्याच्या बायकोने वरच्या नळाची तोटी बंद केली, आणि भांडण आमच्यापुढे आले.

न्याय काय करायचा? पाणी तोडता येत नाही, कायदाच सांगतो, आणि ते आम्ही वहिनींना स्पष्ट सांगितले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, संप-टाळेबंदी तुमची. आमच्या खोलीचं कर्ज तुमची युनियन फेडणार का?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी असे ठरले की, टाळेबंदी उठेपर्यंत अर्धे भाडे, उरलेले नंतर दहा हप्त्यांत, आणि वरच्या बाईने खालच्यांची पोळ्यांची ऑर्डर सांभाळावी. वहिनी तेव्हा डबे देऊ लागल्या होत्या. हप्ते पुरे झाले काय, हे आम्ही नंतर विचारले नाही. दोन्ही कुटुंबे अजून तिथेच आहेत, त्यावरून काय ते समजावे.

कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या माणसाला पेन्शन किती मिळते? भविष्यनिधीच्या १९९५ च्या योजनेत किमान पेन्शन २०१४ च्या सप्टेंबरपासून ठरली महिना एक हजार रुपये. त्या हजारात पुण्यात वीजबिल आणि औषधे यांपैकी एक काहीतरी होते. वरची खोली हीच पुष्कळांची खरी पेन्शन आहे. वरच्या खोलीत राहतो तो बहुधा दुसऱ्या एखाद्या कारखान्यातला मुलगा असतो, ज्यास फ्लॅट या जन्मी परवडणार नाही. सरकारचा एक पैसा न लागता कामगारांनी आपल्या भविष्यनिधीतून कामगारांसाठी बांधलेली ही घरे आहेत. ती लपवून ठेवावी लागतात हे आमचे गाऱ्हाणे.

सहकारनगरला आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. तिथे त्याने घराच्या मागल्या आवारात एक लहान स्वतंत्र घर बांधले. आईवडील गेले की त्यात राहतात, एरवी ते भाड्याने जाते. त्या राज्यात घरांचा तुटवडा इतका झाला की, एक प्लॉट एक कुटुंब हा आपला जुना हट्ट त्यांना सोडावा लागला. २०१७ पासून एकामागून एक कायदे झाले. २०२० पासून आठशे चौरस फुटांपर्यंतचे असे घर, कुंपणापासून चार फूट सोडून बांधणार असाल तर, कोणत्याही नगरपालिकेस नाकारता येत नाही. अर्जाचा निकाल साठ दिवसांत. शेजाऱ्यांची सुनावणी नाही. मुलाचे घर असे कायद्याने उभे, आणि इकडे वडिलांच्या गॅरेजातली खोली चोरून. ते गृहस्थ म्हणाले, "आम्ही दोघेही एकच गोष्ट केली. त्याचा तिकडे सत्कार, मला इकडे नोटीस." नोटीस अजून आलेली नव्हती, पण पुणेकर माणूस नोटीस येण्याआधीच तिचे उत्तर तयार ठेवतो.

आपल्याकडे अगदीच काही झाले नाही असे नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित नियमावली आली, तीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर बांधकाम परवानगीची रीत पुष्कळ सोपी केली आहे. गुंठेवारीचा २००१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली. पण सारा रोख मोठ्या इमारतीकडे. नऊ मीटरांहून अरुंद रस्त्यावर जादा चटई क्षेत्र विकत घेता येत नव्हते, म्हणून सहा मीटरांचे शेकडो रस्ते नऊ करावेत अशी चर्चा २०२० साली या शहरात पुष्कळ झाली. बंगला पाडून सात मजले करायचे असतील तर ऐकायला सगळे आहेत. बंगला ठेवून एक खोली वाढवायची असेल तर कोणी विचारत नाही, कारण त्यात कोणास काही सुटत नाही.

ज्यांना खोली काढायची आहे त्यांना दोन शब्द व्यवहाराचे. साठ-सत्तर सालची बैठी घरे बहुतेक भारवाहक भिंतींची आहेत. खाली दगडी जोते, वर नऊ इंची वीट, खांब नाहीत. अशा घरावर मिस्त्रीच्या शब्दावर स्लॅब टाकू नये. आमचे मिस्त्री बंधू रागावतील, पण १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला तेव्हा पुणेही हादरले होते, हे विसरून चालणार नाही. इंजिनिअरकडून पाया आणि भिंत तपासून घ्यावी. वर चढवणे झेपत नसेल तर मागे किंवा बाजूस काढावे. आवारात कुंपणाशी सोडायचे सामासिक अंतर गिळू नये. तिथूनच वारा येतो, आणि आग लागली तर माणूस तिथूनच बाहेर पडतो. संडास स्वतंत्र, जिना स्वतंत्र, विजेचा मीटर स्वतंत्र. टाकी वेगळी काढता आली तर निम्मी भांडणे मिटली. ज्या खोलीची एकच खिडकी मालकाच्या स्वयंपाकघरात उघडते ती खोली काढूच नये. आम्ही अशा खोल्या पाहिल्या आहेत, आणि त्यांत कॉट बेसिसवर चार-चार मुली राहताना पाहिल्या आहेत.

कॉटवरून आठवले ते बोलतो. ते बोलल्याशिवाय उतरलो तर मनाला लागेल. एका छपराखाली राहायचे म्हणून मालक माणूस पारखून घेतो. दारू पिणारा नको म्हणाला तर समजते. पण आमच्या एका सभासदाला, फिटरच्या मुलाला, याच शहरात नऊ घरांतून परत यावे लागले. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारले, मग 'नुकतीच दिली हो' असे सांगितले. दहावी खोली मिळाली ती एका मुसलमान शिंप्याच्या घरी, आणि त्या शिंप्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा शहरात खोली शोधत हिंडत होता. लहान घरमालकासाठी आम्ही सवलती मागतो, तेव्हा हेही बोलणे आमच्यावर येते. त्यास कायद्याने काय उपाय आहे हे आम्हांस नीट सुचलेले नाही. संघटनेत आम्ही एवढे केले की, सभासदांच्या रिकाम्या खोल्यांची एक वही ठेवली. जो वहीत खोली लिहवील त्याने पहिला येईल त्याला द्यायची, आडनाव विचारायचे नाही. पहिल्या वर्षी वहीत चार खोल्या आल्या. यंदा एकोणीस आहेत.

महानगरपालिकेकडे आमचे मागणे लहान आहे. अशा खोलीचे दोन-चार नमुनेदार नकाशे तयार करून ठेवावेत, म्हणजे प्रत्येकास नवा नकाशा काढावा लागणार नाही. मालक स्वतः त्या घरात राहात असेल आणि एकच खोली नोंदणीकृत कराराने दिली असेल, तर ४० टक्क्यांची सवलत त्या खोलीसही द्यावी. तिजोरीचे नुकसान होईल असे म्हणतात. आज जी खोली बिलात मुळी नाहीच, ती उद्या बिलात आली तर नुकसान कसले, हे हिशेबनिसांनी आम्हांस समजावून द्यावे.

आमच्या मागल्या खोलीचे काय झाले, असे कोणी विचारील. आई गेल्यावर आम्ही ती नियमित करून घेतली. त्यासाठी मागली भिंत पाडून दीड फूट आत घ्यावी लागली. दहा बाय बाराची खोली साडेआठ बाय बाराची झाली. सध्या तिथे एक मुलगी राहते, योगायोगाने परिचारिकाच. करार नोंदलेला आहे, गॅस तिच्या नावावर आहे, आणि त्या भागाची करसवलत गेली आहे. ताई आता मिरजेला असते, निवृत्त झाली. नव्या मुलीचा करार झाला त्या दिवशी आम्ही तिला फोन केला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "बरं केलंस. पण दीड फूट गेल्यावर पलंग कुठल्या भिंतीला लावला रे?"